खिडकीची जागा

गुरप्पा गुरुजींचा वर्ग घेतल्यानं आपलं काय काय साधेल, हे शिवलीलाबाईंनी वर्गात पाऊल टाकायच्या आधीच मनात मांडून पाहिलं होतं. पहिलं म्हणजे करमाळ्याच्या शाखेत होणारी बदली टळत होती; पहाटेची एसटी, उभ्यानं प्रवास आणि उशिरा घरी आल्यावर सासूबाईंचं तोंड, तिन्ही एकदम वाचत होती. दुसरं, शाळा भवानी पेठेत, घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू यावी इतकी जवळ. आणि सगळ्यांत गोड ते तिसरं. संस्थेचे सचिव महिपतराव म्हणाले होते, दिवाळीनंतरच्या पालक मेळाव्यात पहिलीची पोरं घडाघडा मराठी बोलली, तर पर्यवेक्षिकेची खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायचं मला कारण दिसत नाही. वजा काय होतं? थोडं कन्नड. आणि ते तर बाईंनी कधीचंच वजा करून टाकलेलं होतं.

वर्ग तसा कुणालाच नको असलेला. अक्कलकोटच्या बाजूनं शहरात आलेल्या घरांतली पोरं, घरात सगळं कन्नड, पाटीवर मराठी. गुरप्पा गुरुजींनी उभी नोकरी त्या एका वर्गात काढली. श्रावणात एका रविवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. कुणाला त्रास नाही, रजेचा अर्जसुद्धा नाही.

त्यांची शिकवायची एक रीत होती. खिडकीजवळ उभे राहिले की कन्नड, दारापाशी उभे राहिले की मराठी. भेसळ नाही. गुरुजी खिडकीशी असताना कुणी मराठीत काही विचारलं तर त्यांना ऐकूच यायचं नाही, आणि दारापाशी असताना कन्नड कळायचं नाही. पोरांना याची मोठी गंमत वाटायची. एका माणसात दोन माणसं आहेत, हे ती मनापासून मानायची. जूनमध्ये गुरुजींचा मुक्काम खिडकीशी. मग तिथं सांगितलेली गोष्ट दारापाशी येऊन पुन्हा सांगायची. असं करत करत मुक्काम दाराकडं सरकायचा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला पोरं त्या दारातून दोन भाषा घेऊन बाहेर पडायची. पण शेवटच्या दिवसापर्यंत गुरुजी एकदा तरी खिडकीशी जाऊन उभे राहायचेच. म्हणायचे, "परत जाता आलं पाहिजे की." त्या दोन ठिकाणची शहाबादी फरशी त्यांच्या पायांनी आरशासारखी झाली होती.

हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. नागणसूरहून आलेली, तेलानं चापून वेणी घातलेली शिवलीला याच वर्गात बसली होती, याच खिडकीकडून दाराकडं आली होती. पुढं हायस्कूलमध्ये पोरींनी तिच्या बोलण्याची नक्कल करून तिला रडवलं, तेव्हा तिनं कन्नडची गाठ सोडली ती सोडलीच. आता तिचं मराठी इतकं स्वच्छ झालं होतं, की करकंबकडची सासरची माणसं पाहुण्यांना कौतुकानं सांगत, "आमची सून बोलायला लागली की पुण्याची वाटती."

पहिल्याच दिवशी बाई दारापाशी उभ्या राहिल्या. खिडकीकडं गेल्याच नाहीत. पंखा त्या बाजूला होता, तरी नाही.

त्यांनी भिंतीवर चित्रांचा तक्ता लावला आणि पहिल्या बाकावरच्या पोरीला विचारलं, "सांग बाळ, हे काय?"

पोरीचं नाव नीलव्वा. आजोबा निंगप्पा टॉवेलच्या कारखान्यात राखणदार. आई नाही, बाप कुठं कामाला जातो ते आजोबालाही नीट ठाऊक नाही. नीलव्वानं चित्र पाहिलं. मग मान वळवून खिडकीकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आमे." थांबली. कुणी समोरून सांगतंय आणि आपण ऐकतोय, अशी मान हलवली. मग बाईंकडं वळून खणखणीत मराठीत म्हणाली, "कासव. पाठीवर घर घेऊन हिंडतंय त्ये."

बाईंनी टेबलावरचं पुस्तक उघडून पाहिलं.

पोरगी शाळेत येऊन दोन-अडीच महिने झाले होते. कासवाचा धडा दिवाळीनंतरचा. आणि "पाठीवर घर घेऊन हिंडतंय त्ये" हे वाक्य पुस्तकात नव्हतंच. ते गुरुजींनी एकदा शिवलीलेला सांगितलं होतं, ती गावाच्या आठवणीनं रडत होती तेव्हा.

पुढच्या आठवड्यात अख्खा वर्ग तसं करू लागला. बाईंनी दारातून विचारायचं, सगळ्या माना खिडकीकडं वळायच्या, क्षणभर शांतता, आणि मग उत्तर. बिनचूक. बाईंनी न शिकवलेलंसुद्धा. हिशेबी माणूस अशा वेळी काय करतो? मिळतंय ते घेतो आणि कुठून येतंय ते विचारत नाही. बाईंनीही नाही विचारलं. फक्त खिडकीकडं पाठ करून फळ्यावर लिहिताना त्यांच्या मानेवर काटा येई.

शिपाई गैबीसाब पाण्याची टाकी भरता भरता दारात थांबला. "बाई, मास्तर गये करके कौन बोल्या? पोट्ट्यांकू पूछो जरा."

"गैबीसाब, काहीतरी बोलू नका. सवय असते मुलांना."

"सवय हाय तं हाय," तो म्हणाला. "पन मी झाडू मारतो ना बाई, तवा त्या खिडकीच्या कोपऱ्यात मारत नाय. तितं धूळच बसत नाय."

नवरात्रात महिपतराव वर्ग बघायला आले. पंधरा मिनिटं बसले. जाताना बाईंना व्हरांड्यात घेऊन म्हणाले, "उत्तरं झकास देत्यात बाई. पण दर वेळी तिकडं काय बघत्यात? भाईर काय पिक्चर लागलाय?"

"मोडते सवय, सर."

"मोडाच. मेळाव्याला आमदार यायचेत. त्यांना वाटंल खिडकीतनं कुणी कॉपी पुरवतंय." स्वतःच्या विनोदावर हसत ते गेले.

खेळाच्या सामानाचं लोखंडी कपाट ऑफिसात पडून होतं. बाईंनी ते खिडकीच्या जागी आणवलं. गैबीसाबनं ढकलताना तीनदा विचारलं, "हितंच का? त्या भिंतीला लावू की." बाई म्हणाल्या, "इथंच." त्या गुळगुळीत फरशीवर कपाट लोण्यासारखं सरकायला हवं होतं. ते कर्र कर्र वाजत गेलं आणि पोरांनी कानावर हात ठेवले.

त्या दिवशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग बाईंनी आपली मेहनत सुरू केली, आणि ती कमी होती असं कुणी म्हणू नये: गाणी, टाळ्या, चिठ्ठ्यांचे खेळ, जिंकणाऱ्याला चिक्की. महिन्याभरात पोरं मराठीत बोलू लागली. कासवाला नुसतं कासव म्हणू लागली. नीलव्वा मात्र गप्प. काही विचारलं की ती कपाटाकडं वळे, पत्र्याकडं बघत राही, आणि तशीच राहून जाई.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तसे निंगप्पा आले. दारात चपला काढून उभे राहिले.

"बाई, पोरगी घरात बी बोलंना झालीया."

"कन्नडमध्येसुद्धा नाही?"

"कशातच न्हाय. भूक लागली तर ताट दावती. हितं कायतर झालंया." त्यांनी कपाटाकडं बोट केलं. "ती म्हनायची, गुरुजी तितं हाईत. मी म्हनलं, असू दे की. म्हाताऱ्याला कुटं जायचंय आता? त्ये कपाट जरा हलवा की."

"हलवते, निंगप्पा. मेळावा होऊ द्या."

निंगप्पा चपलांकडं वळले आणि पुन्हा मागं फिरले. "तुमी नागणसूरचं मल्लप्पाची लेक न्हवं? मग तुमीच उबं ऱ्हावा की तितं. चार शब्द कन्नडात बोला. तुमचं आयकंल ती."

बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. या वर्गासाठी हे करू शकणारं माणूस शाळेत एकच उरलं होतं. पण चार शब्द बोलले की ते व्हरांड्यात ऐकू जाणार, स्टाफरूममध्ये कुणीतरी नक्कल करणार, आणि मेळावा आठ दिवसांवर. "एवढा मेळावा होऊ द्या," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि नीलव्वाला मेळाव्याच्या दिवशी घरीच ठेवायला सांगितलं.

मेळावा दणक्यात झाला. पोरं घडाघडा बोलली, कुणी मान वळवली नाही. आमदारांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात पर्यवेक्षिकेच्या खुर्चीवर नवा टॉवेल टाकून झाला.

बाई शब्दाच्या पक्क्या. सोमवारी त्यांनी गैबीसाबला बोलावून कपाट हलवलं. खालची फरशी स्वच्छ निघाली, धुळीचा कण नाही. मधल्या सुट्टीत बाईंनी नीलव्वाला एकटीला वर्गात बसवलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. फरशी गार लागली. पोरीची मान वळली. ती वाट बघू लागली.

बाईंनी तोंड उघडलं. रात्रभर कन्नड वाक्य घोळवलं होतं: बा नीलव्वा, म्हणजे इकडं ये, बोल माझ्याशी. "बा" म्हणायला ओठ जुळले, आणि बाहेर आलं ते, "इकडे ये, बाळ." स्वच्छ, पुण्याचं वाटावं असं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मराठी. आईला घातलेली हाक, मळ्यातल्या विहिरीचं नाव, जेवलीस का हे विचारणं, एकेक आठवून पाहिलं. सगळं मनात दिसत होतं, कशालाच आवाज नव्हता. पाठीमागं खिडकीत कुणीतरी हे सगळं शांतपणे ऐकतंय, पण खिडकीपाशी मराठी ऐकू येत नाही म्हणून उत्तर देत नाही, असं त्यांना स्पष्ट वाटलं. मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

नीलव्वा बराच वेळ त्यांच्याकडं बघत होती. रागानं नाही. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येत नाही आणि इतरांना त्याची दया येते, तसं.

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठली आणि निंगप्पांनी पोरीला दाखला घेऊन सीमेपलीकडं बहिणीच्या गावी न्यायचं ठरवलं. तिथली शाळा कन्नड. निघताना ती वर्गात आली, बाकावरची पाटी उचलली आणि खिडकीसमोर उभी राहिली. बाई दारापाशीच होत्या.

"होगि बरतेन्री," नीलव्वा म्हणाली. येते हं, असं. थांबली, ऐकलं, मान हलवली. बाईंकडं न बघता त्यांच्या अंगावरून दारातून निघून गेली.

तर जमाखर्च असा झाला. संस्थेचं नाव झालं. महिपतरावांचा आमदारांशी फोटो झाला. खुर्ची बाईंना मिळाली. निंगप्पांचं घर रिकामं झालं. नीलव्वा तिकडं पुन्हा बोलू लागली असं कळतं, पण मराठीचा एक शब्दही नाही. जे गुरुजींनी दिलं होतं ते सगळं तिनं इथंच ठेवलं आणि सुटली. बाईंचं मात्र सुटत नाही. घरी सासूबाई विचारतात, "शिवलीला, भाकरी टाकू का अजून एक?" बाई आधी घरातल्या खिडकीकडं बघतात. नीलव्वासारख्या उत्तराची वाट बघत थांबतात. तिकडून काही येत नाही. ताटात भाकरी गार होते, सासूबाई दोनदा, तीनदा विचारतात, आणि दिवसातून किती वेळा हा हप्ता असा भरावा लागतो, ते आता बाईसुद्धा मोजत नाहीत.