पेट्रोल कोण पितं

सासरे शेजारच्या सीटवर बसले की तिचा क्लचवरचा पाय आपोआप अवघडायचा.

सगळे त्यांना मास्तर म्हणत. उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेला होता, शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर बूट टेकवून. सासूबाई गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले आणि येताना आपली जुनी गाडी घेऊन आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी शेजाऱ्यांदेखत किल्ली सुनेच्या हातावर ठेवली. म्हणाले, "वापर तू. मला आता कुठे जायचंय?" गाडी दिली खरी, पण सोडली नाही.

तिला गाडीची गरज होतीच. ती फिजिओथेरपिस्ट होती. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचा लकव्यानं हात गेलेला, अशा लोकांच्या घरी जाऊन ती व्यायाम करून घ्यायची. डिकीत घडीचं टेबल, वाळूच्या पिशव्या, रबरी पट्टे असा सगळा संसार. रोज सकाळी वाटेत मास्तरांना वाचनालयापाशी सोडायचं आणि पुढे कामाला लागायचं, असा नेम पडला. तो रस्ता तिला दिवसभरातल्या सगळ्या पेशंटपेक्षा जड जायचा.

"ब्रेक मारलास. म्हणजे आधी उगाच ॲक्सिलरेटर दाबला होतास."

"समोर सायकल आली, बाबा."

"सायकल लांबून दिसते. बघणाऱ्याला."

चौकात गाडी थांबली की ते इंजिन बंद करायला सांगत. काच खाली केली की वारा अडतो म्हणत, एसी लावला की खिडकीकडे तोंड करून बसत. उतरताना दार जरा जास्तच हळू लावत, जणू आत कुणी आजारी माणूस झोपलंय.

आणि संध्याकाळी नवरा विचारायचा. त्याला ऑफिसची बस होती, गाडीला तो क्वचितच हात लावायचा, पण पेट्रोल त्याच्या कार्डावर भरलं जायचं. जेवताना, बापाच्या समोर, अगदी सहज आवाजात तो म्हणायचा, "अगं, परवाच टाकी भरली ना? काय अ‍ॅव्हरेज देतेय ही गाडी?"

मास्तर ताटातून मान वर न करता म्हणायचे, "माझ्या हातात होती तेव्हा पंधराच्या खाली कधी आली नव्हती."

आता ती दहासुद्धा देत नव्हती. तिनं मनावर घेतलं. टायरमध्ये हवा बघितली, एअर फिल्टर बदलून घेतला, एसीचं बटण विसरून गेली. पायाखाली अंडं ठेवल्यासारखी गाडी चालवू लागली. मागचे लोक हॉर्न वाजवून तिच्या कुळाचा उद्धार करायचे. काटा मात्र खालीच जात राहिला, आणि नवऱ्याचा प्रश्न काही चुकला नाही.

एका शनिवारी जेवताना मास्तरांनी निकाल देऊन टाकला. "गाडीत काही दोष नाही. दोष पायात आहे."

तिनं वाटी खाली ठेवली. "मग चालवून दाखवा."

"काय?"

"उद्या सकाळी टाकी काठोकाठ भरू. माझा रोजचा रस्ता. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. परत येऊन पुन्हा भरू. मग कळेल पेट्रोल कोण पितं ते."

"आणि माझं अ‍ॅव्हरेज जास्त आलं तर?"

"किल्ली तुमची. मी माझं बघीन काय ते. आणि नाही आलं, तर सोमवारपासून तुम्ही मागे बसायचं. तोंड मिटून."

"अगं, काय हे," नवरा म्हणाला आणि उठून फ्रिजमध्ये काहीतरी शोधायला लागला.

रविवारी ती खाली आली तेव्हा मास्तरांनी डिकी रिकामी केली होती. टेबल, पिशव्या, जॅक, पायपुसणी, सगळं जिन्याखाली. वर स्टेपनीसुद्धा काढून ठेवलेली.

"स्टेपनी राहू द्या ना."

"ज्यांची पंक्चर होते त्यांना स्टेपनी लागते," असं म्हणून ते स्टिअरिंगमागे बसले.

ते सुरेख चालवत होते, हे तिला मान्य करावं लागलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. गिअर कधी पडला ते कळत नव्हतं. सिग्नल हिरवा होण्याच्या बेतात असतानाच गाडी तिथे पोचायची आणि न थांबता निघून जायची. त्या सगळ्या वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. ते शिकवत होते.

पाण्याच्या टाकीपाशी रस्ता चढून जातो आणि पलीकडे लांबलचक उतार लागतो. माथ्यावर पोचताच त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली. नुसता टायरचा आवाज.

"बाबा, चालू करा."

"उतारावर पेट्रोल कशाला पाजायचं?"

"इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर राहत नाही. तुम्हीच शिकवायचात ना हे?"

"शिकणाऱ्यांना सांगायच्या गोष्टी वेगळ्या. तू गप्प बस. आज तू चालवत नाहीयेस."

पहिल्या वळणाला त्यांनी ब्रेक दाबला, तो लागला. दुसऱ्यालाही लागला, पण अर्धवट. तेवढ्यात खाली एका गल्लीतून कचऱ्याचा ट्रक मागे मागे येत रस्त्यावर आडवा झाला. मास्तरांनी पाय रोवला. पेडल लाकडासारखं घट्ट झालं होतं. त्यांनी दोन्ही पाय दिले. किल्ली त्यांना सापडेना; हात स्टिअरिंगच्या खाली नुसता चाचपडत होता.

"लागत नाहीये," ते म्हणाले. इतक्या बारीक आवाजात बोलताना तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तिनं हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडीचा मागचा भाग भेलकांडला, तिच्या बाजूचं दार दगडी कुंपणाला घासत, किंचाळत गेलं आणि ट्रकच्या जरा अलीकडे गाडी थांबली. ट्रकवाल्यानं खिडकीतून मान काढून बघितलं, कपाळाला हात लावला आणि निघून गेला.

मग मास्तर म्हणाले, "हँडब्रेक का ओढलास? गाडी ताब्यात होती."

"कुणाच्या?"

"दार गेलं की नाही? वळवून नेली असती मी."

"ट्रकखाली नेली असतीत," ती म्हणाली. तिचं कोपर ठणकत होतं. "आणि मग घरी माझ्या पायाचा दोष निघाला असता."

तिचं दार उघडेना. मास्तर उतरल्यावर त्यांच्या बाजूनं, गिअरवरून पाय टाकत, ती बाहेर पडली. ती मागच्या चाकाजवळ रस्त्यावरच टेकली. जळकट वास येत होता. चाकाजवळ हात नेला तर तव्याची धग. ती उठून दुसऱ्या बाजूला गेली. ते चाक जेमतेम कोमट होतं.

"इकडे या."

"हँडब्रेकनं तापलं असेल."

"एवढ्याशा अंतरात? आणि एकच?"

मास्तर गुडघ्यावर हात ठेवून वाकले. बोट ओलं करून त्यांनी रिमला लावलं, चर्र झालं. आयुष्यभर गाड्यांमध्ये बसलेला माणूस. रोज सकाळी त्याच गाडीत बसून सुनेच्या पायाकडे बघत आला होता. शेवटी ते म्हणाले, "ह्या चाकाचा ब्रेक आधीपासून धरतोय." तिच्याकडे बघून नाही, चाकाकडे बघून म्हणाले.

सोमवारी गाडी टोचन करून गॅरेजमध्ये नेली. मास्तर न विचारता सोबत आले. मेकॅनिकनं चाक उतरवलं, ब्रेकच्या ड्रममध्ये डोकावला आणि वैतागला.

"आता सगळंच बदलावं लागणार. मागच्या सर्व्हिसिंगला सांगितलं होतं मी साहेबांना, ब्रेक जाम होतोय, पेट्रोल खाईल, एक दिवस दगा देईल. ते म्हणाले, चालतेय ना, चालू दे."

"कुठल्या साहेबांना?" तिनं विचारलं.

"तुमच्याच. गाडी न्यायला तेच आले होते ना."

परतीच्या रिक्षात दोघं दोन टोकांना बसली.

नवरा संध्याकाळी घरी आला आणि बूट काढता काढता त्यानं विचारलं, "काय म्हणाला गॅरेजवाला?"

"तुला जे म्हणाला होता तेच," ती म्हणाली.

त्यानं दुसऱ्या बुटाची लेस सोडली. "अगं हो, बोलला होता काहीतरी. विसरलो मी."

"विसरलास. आणि रोज जेवताना अ‍ॅव्हरेज विचारायचं तेवढं आठवत होतं?"

"मी फक्त विचारायचो. भांडायचात तुम्ही दोघं." मग तो जरा हसला, आणि ते हसणं त्याला महागात पडलं. "तेवढ्यात माझं जेवण निवांत व्हायचं."

मास्तर खुर्चीतून उठले. क्षणभर तिला वाटलं, आता हा माणूस माझ्या बाजूनं बोलणार. ते मुलासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माझी गाडी होती ती. माझ्या गाडीचा जीव घेतलास तू." आणि खोलीत जाऊन त्यांनी दार आपटलं. त्या गाडीत आपण होतो, सून होती, हे त्यांच्या तोंडून आलंच नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली. दार जुन्याच पत्र्यातून ठोकून बसवलं, रंग वेगळा दिसतो. अ‍ॅव्हरेज सुधारलं, पंधरा नाही, पण त्याच्या आसपास. कुणी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आता पेट्रोल ती स्वतःच्या कार्डावर भरते आणि सकाळी एकटी निघते. मास्तरांना वाचनालयात पोचवायचं काम नवऱ्याकडे आलंय. बसनं, ऑफिसच्या आधी तासभर लवकर उठून. बसचा ड्रायव्हर कसा चालवतो ते मास्तर सगळ्या वाटेत मुलाला ऐकवतात.

सासरा-सून एकमेकांशी कामापुरतं बोलतात. झाल्या गोष्टीबद्दल ना त्यांनी माफी मागितली, ना तिनं. ताटं वाढली जातात. नवरा मध्ये बसतो. आता टेबलावर भांडण होत नाही, म्हणून शांतता त्यालाच भरून काढावी लागते. तो ऑफिसमधलं काहीतरी सांगतो, हवेबद्दल बोलतो, डाव्या बाजूला बघतो, उजव्या बाजूला बघतो. दोन्हीकडून कुणी हूं की चूं करत नाही.