पेल्याची कड

चामराजपेटच्या आमच्या चर्चच्या मराठी मंडळीत प्रभुभोजनाच्या विधीचा द्राक्षरस सगळे एकाच पेल्यातून पितात. सुवार्ता नावाची एकजण नवी आली, झाडूवालीची लेक. तिच्यानंतर पेला माझ्याकडे आला, तेव्हा मी पदराने कड पुसली. सगळ्यांनी पाहिलं. मला काय कुणाची भीती! पुढच्या वेळेपासून ती आपणहून रांगेत शेवटी उभी राहू लागली.

नऊ वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. पाळकसाहेबांनी प्रभुभोजन तिच्या घरी नेलं, सोबत मलाही. आधी ती प्यायली. मी हात पुढे केला, तर तिने पदर ओढून कड पुसली.

"पुसू नकोस गं."

"असू द्या अक्का. तुम्हाला तसाच लागतो ना?"

आठवड्यात ती गेली. अजूनही पेला समोर आला की माझा हात आधी पदराकडे जातो.