ग्रॅहमचं कापड

"धागा दातानं तोडायचा नाही, विनिता. मेण दाताला चिकटतं, मग चहाला मेणबत्तीची चव येते."

हे ग्रॅहमनं सांगितलं होतं, फार पूर्वी. पण अजूनही टाका संपला की विनिताचा हात आपोआप चाकूकडे जायचा. ज्याला मरताना पाणीसुद्धा द्यायचं नाही असं ठरवलं होतं, त्याचीच शिकवण बोटांत मुरलेली! तिला स्वतःच्या बोटांचाच राग यायचा.

त्या शनिवारीही ती 'अ‍ॅडेला ग्रे' जहाजाच्या पोटात, शिडांच्या खोलीत बसली होती. मांडीवर शीड, तळहातावर सुई रेटायचा चामडी पट्टा. वर डेकवर ब्रूस पाहुण्यांना जहाज दाखवत होता. ब्रूसला कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळं जगच बहिरं आहे अशा समजुतीनं तो बोलायचा. जहाजाची कहाणी तिला पाठ झाली होती. आधी ते ब्रिटिश आरमाराचं. दोरखंड आणि दारूगोळा वाहिला. मग आरमारानं विकलं, व्यापाऱ्यांनी घेतलं. लोकर आणि गहू भरभरून लंडनला नेला. मग वाफेच्या बोटी आल्या, डोलकाठ्या कापून त्याचं कोळशाचं कोठार केलं. शेवटी हौशी मंडळींनी चिखलातून ओढून काढलं आणि पुन्हा शिडं चढवली.

"आणि इतक्या वर्षांत अपघात फक्त एक, folks!" ब्रूस गरजला. "एक व्हॉलंटिअर न विचारता वर चढला."

तो व्हॉलंटिअर म्हणजे विनिताचा नवरा, पद्माकर.

पद्माकरला या जहाजाचं वेड होतं. आठवडाभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि शनिवारी इथे येऊन माकडासारखा डोलकाठीवर चढायचा. त्यानंच तिला आणलं. पडद्यांच्या दुकानात शिवणारी बायको, ती शिडंही शिवेल म्हणाला. व्हॉलंटिअरांचा प्रमुख ग्रॅहम, त्यानं तिला शिकवलं. आणि एका सकाळी, आडव्या काठीखालची दोरी, जिच्यावर पाय ठेवून उभं राहतात ती, पद्माकरच्या पायाखाली तुटली.

हॉस्पिटलमध्ये तो शुद्धीवर होता तेव्हा एवढंच म्हणाला, "विनू, मी सांगितलं होतं त्याला दोरी कुजलीय म्हणून. तो म्हणाला, mate, पाहुणे यायच्या आत शीड सोड, दोरी सोमवारी बदलू."

निरीक्षक येईपर्यंत नवी दोरी लागली होती. त्या सकाळी डेकवर तिसरं कुणी नव्हतं. ग्रॅहमनं सांगितलं, न विचारता चढला.

सगळ्यांना वाटलं, आता ही जहाजाचं तोंड बघणार नाही. विनिता पुढच्याच शनिवारी हजर झाली. भांडली नाही, आवाज चढवला नाही. चहाच्या वेळी घरच्या चिवड्याचा डबा सगळ्यांपुढे फिरवायची आणि ग्रॅहमपाशी आली की झाकण लावून टाकायची. दर शनिवारी. घरी रोज आंघोळ झाली की विष्णुसहस्रनाम म्हणायची आणि शेवटी हात जोडून देवाला त्याचं नाव सांगायची. कुणाचं वाईट चिंतू नये, हे तिला ठाऊक होतं. ती चिंतत नव्हती. देवाच्या मागे व्याप फार असतात, तेव्हा नुसती आठवण करून देत होती.

त्या दिवशी वर आली तर ग्रॅहम धक्क्यावरच्या बाकावर बसलेला. उन्हातही कोट घातलेला. कोट तेवढा पूर्वीचा होता, आतला माणूस निम्मा राहिला होता. कॅन्सर पसरल्याचं सगळ्यांना कळलं होतं.

"बस ना, विन."

"उभी बरी आहे."

"मला मेल्यावर पेटी नकोय. कॅनव्हासमध्ये शिवून समुद्रात, जुन्या खलाशांसारखं. परवानगी मिळालीय." तो दम खायला थांबला. "तू शिवशील?"

विनिताला वाटलं, देवानं ऐकलं. इतकं ऐकलं की आता काय मागावं ते कळेना.

"मीच का?"

"बाकीच्यांचे टाके ढिले असतात. तुला माहितेय."

"शिवते," ती म्हणाली. "आधी खरं बोल. सगळ्यांसमोर."

"मी बोललो तर जहाज बंद करतील, love. इतक्या लोकांचा घाम..."

"जहाज तीन वेळा मेलं आणि तीन वेळा उठलं, ग्रॅहम. माझा नवरा एकदाच मेला." तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "बोललास तर शिवते. शब्द आहे माझा. नाही बोललास तर ढिल्या टाक्यांत जा."

पुढच्या शनिवारी त्याची मुलगी केरी त्याला व्हीलचेअरवरून घेऊन आली. चहाच्या टेबलाशी सगळी मंडळी जमलेली. ग्रॅहम बोलला. खाली बघत, पण बोलला. दोरी कुजलीय हे पद्माकरनं सांगितलं होतं. वर मी पाठवलं. खोटं मी बोललो.

कुणी कप खाली ठेवेना. केरीचा चेहरा पांढरा पडला होता.

विनिता पुढे झाली. "पुन्हा बोल," ती हळूच म्हणाली. "ब्रूसला ऐकू गेलं नाही."

"विनिता, for God's sake!" केरी ओरडली.

"रोज पाहुण्यांना तोच सांगतो. त्याला नीट कळायला हवं."

ग्रॅहमनं मान वर केली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून पुन्हा सगळं सांगितलं. ब्रूसनं हातातला कप टेबलावर ठेवला. विनिताला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. घरी जाऊन तिनं देवापुढे तुपाचा दिवा लावला आणि त्या रात्री पोटभर जेवली.

मग चौकशी आली. जहाजाच्या शिडीला साखळी लागली. ज्यांना तिनं वर्षानुवर्षं चिवडा खाऊ घातला, ते सुपरमार्केटात तिला बघून ट्रॉली वळवू लागले. ब्रूस तेवढा एकदा थांबला, "सॉरी, विन," असं सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाला आणि निघून गेला.

आणि आज सकाळी केरीचा फोन आला. "डॅड गेले. मला तू तिथे नको आहेस, विनिता. पण फोन करायचं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. केला."

"किती वाजता येऊ?" विनितानं विचारलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्रेगीबर्नहून लेकीचा, शाल्मलीचा, फोन आला तेव्हा ती पॉइंट कुकच्या घरी गॅरेजमध्ये होती.

"आई, are you serious? तू त्याला शिवायला चाललीस? बाबांना मारलं त्यानं!"

"हो."

"मग माफ केलंस?"

"नाही गं."

"Then you don't owe him anything! नको जाऊस. कोण विचारणारे तुला?"

"शब्द दिलाय, शाल्मली. तो बोलला ना? मग आता माझी पाळी. फोन ठेव, उशीर होतोय."

फळीवर कापडाच्या दोन गुंडाळ्या होत्या. एक जुन्या शिडाची, डागाळलेली, ठिगळ लावलेली. दुसरी नवी कोरी, पुढच्या हंगामातल्या शिडासाठी आणून ठेवलेली. हात जुनीकडे गेला आणि तिथे बराच वेळ राहिला. कुणाला कळणार होतं? समुद्राच्या तळाशी कोण बघायला जातंय?

मग तिनं नवी उचलली.

गुंडाळी लांब होती, मागच्या सीटवर मावेना. शेवटी पुढची सीट मागे पाडून तिनं ती आपल्या शेजारी आडवी ठेवली. सुईची पिशवी पायाशी ठेवून गाडी सुरू केली, तर टींटीं सुरू झालं. कापडाच्या वजनानं गाडीला वाटत होतं, शेजारी माणूस बसलाय आणि त्यानं सीटचा पट्टा लावला नाही.

विनितानं जरा वेळ ते वाजू दिलं. मग वाकून पट्टा ओढला, गुंडाळीवरून घेऊन खटकन लावला, आणि फ्रीवेच्या दिशेनं सावकाश निघाली.