हरायचा नंबर

नीलिमाने मोबाइल ओढणीच्या सावलीत धरला आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीचं जिनिव्हाहून आलेलं उत्तर आईला मराठीत सांगायला सुरुवात केली. कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली मेडशीच्या विमलबाई ओठ घट्ट मिटून ऐकत होत्या. त्यांचा मुलगा धम्मपाल पोलीस कोठडीत मेला, त्याला नऊ वर्षं झाली. शेवटची आंघोळ घालताना पाठीवरचे वळ त्यांनी स्वतः पाहिले होते. कागदावर मात्र 'पाय घसरून मृत्यू'.

"आधी आपल्या देशातल्या सगळ्या कोर्टांत हरावं लागते, माय. मंगच थे लोक एकल्या मानसाची तक्रार पाह्यतात."

"सगळ्या?"

"इथलं, नागपूरचं, दिल्लीचं."

"अन् आपुन तं इथंच अडकून हावो."

खरंच होतं. कधी साहेब रजेवर, कधी साक्षीदाराची बदली, कधी फाइलच सापडेना. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. म्हणणाऱ्याचं पोर कोठडीत मेलेलं नसतं.

उत्तरात आणखी एक ओळ होती. नीलिमाने ती मनात वाचली आणि मोबाइल बंद केला.

विमलबाई उठल्या, पातळावरची माती झटकली आणि थेट आपल्या उदयसिंग वकिलांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"वकीलसाहेब, मले हरवून द्या."

"काय म्हन्ता, मावशी?"

"हरली असा कागद पाह्यजे. मंग नागपूरले हरतो, दिल्लीले हरतो. गुडघे चालतात तवर सगळीकडं हरून घेऊ द्या मले."

वकिलांनी चष्मा काढून उगीच पुसला. माणूस वाईट नव्हता.

"हरायलेही नंबर लागतो, मावशी. आज आपला सदतिसावा हाय."

दुपारी पुकारा झाला. समोरच्यांचे वकील आलेच नव्हते. विमलबाई आत गेल्या तशाच बाहेर आल्या. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची.

त्या लिंबाखाली मातीतच बसल्या. रडल्या नाहीत, रडणं पहिल्या दोन वर्षांतच आटलं होतं.

"लिह्य त्याइले," त्या म्हणाल्या. "म्हनाव, बाई आजबी हरली नाही. पन हरीन. तवर दार लोटू नोका."

नीलिमाने मोबाइल उघडला. मघाची ओळ समोरच होती. तुमच्या सरकारने एकट्या नागरिकाला आमच्याकडे येण्याची मुभा दिलेली नाही. सगळीकडे हरल्यावरही ही तक्रार घेता येणार नाही.

"लिहून राह्यली ना?"

"हो, माय." तिने ओढणीने डोळे टिपले आणि टाइप करू लागली.

"तारीखबी टाक," विमलबाई म्हणाल्या. "म्हंजे थे वाट पाह्यतीन."