झाकणावरचा हात

मित्रांनो, रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारी मी एक जुनी मशीन आहे. कागदावर माझं नाव सेंट्रीफ्यूज, पण रक्त तपासणारे दीपकभाऊ मला 'म्हातारी' म्हणतात. म्हणू द्या! माझ्या पोटातून नळी बाहेर आली, की लाल रक्त खाली बसलेलं आणि वर पिवळसर पाणी कसं निवळ! इतकं स्वच्छ काम नव्या मशीननं करून दाखवावं.

माझी अट एकच. एका खाचेत नळी ठेवली, की बरोबर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी हवी. नाहीतर मी थरथरते. पंधरा वर्षं राबले, कुणी नावं ठेवली नाहीत. मग दवाखान्यात नवी मशीन आली आणि मी कपाटावर धूळ खात पडले. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण एक दिवस डॉक्टर समताबाईंनी मला पुसून धामणगाव बढ्याच्या शिबिरात नेलं. विहिरीचा खडक ब्रेकरनं फोडणाऱ्या मजुरांचे हात तपासायचे होते. ब्रेकरच्या हादऱ्यांनी हातातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात, बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. त्या इजेच्या खुणा रक्तात सापडतात का, हे समताबाईंना पाहायचं होतं.

इंद्रभान आला. वीस वर्षं ब्रेकर धरणारा, पंचक्रोशीत नावाजलेला गडी. सोबत बायको, भिमाबाई. बोटांचा पांढरेपणा दिसू नये म्हणून पठ्ठ्यानं दारातच गरम चहाच्या ग्लासावर बोटं शेकून घेतली होती!

"मले काई झालं नाई, म्याडम. रक्त कायले काढता? ठेकेदाराले कळलं तं ब्रेकरवर दुसरा माणूस लावन तो."

"खोटं काऊन बोलता?" भिमाबाई कडाडली. "सदऱ्याची बटनं कोन लावून देते रोज?"

इंद्रभान ऐटीत माझ्या झाकणावर हात टेकून उभा राहिला. नेमकं तेव्हाच दुसऱ्या एका मजुराची नळी फिरवायला लावताना घाईत दीपकभाऊ समोरची नळी ठेवायला विसरले होते. माझ्या अंगाला थरथर सुटली. बाहेर जनरेटरचा दणदणाट, त्यात माझा आवाज कोण ऐकतो? समताबाईंच्या मात्र ते नजरेस पडलं.

"भाऊ, तुमच्या हाताखालची मशीन चालू आहे का बंद?"

"बंदच हाय ना."

भिमाबाईनं झाकणाला बोट लावलं. "अवं माय! हे तं थरथरून राह्यली!"

इंद्रभाननं खाली पाहिलं. झाकण हलत होतं, त्यावर त्याचा हात हलत होता, आणि त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. खाली बसून त्यानं बाही वर केली.

"काढा रक्त."

दीपकभाऊंनी जीभ चावत माझा तोल नीट केला आणि मी त्याची नळी जीव ओतून फिरवली.

आठ दिवसांनी दोघं दवाखान्यात आले. रक्तात इजेच्या खुणा नेहमीपेक्षा जास्त सापडल्या होत्या. "नुसत्या रक्तावरून मी ठरवत नाही," समताबाई म्हणाल्या, "पण बोटांची तपासणीही तेच सांगते. गेलेलं सगळं परत येईल असं नाही. आज ब्रेकर सोडलात, तर उरलेलं वाचवता येईल."

इंद्रभाननं स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं.

"सोडला," तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची बोटं सुन्न पडत असतील, तर त्यांना लपवू देऊ नका. थोडी जाणीव उरली आहे तोवरच हाताला धरून दवाखान्यात आणा. मी आहे ना इथं!