तेरावी पायरी

जिने बनवणाऱ्या त्या सुताराला सगळे 'वेळापत्रक' म्हणत, आणि त्याला ते कौतुकच वाटे. दुपारच्या डुलकीपासून लेकीच्या लग्नापर्यंत सगळं त्याने आधी कागदावर आखलं होतं. प्रार्थना तो रोज नेमाने करी. पण ती साहेबापुढे तयार कागद सरकवून 'इथे सही करा' म्हटल्यासारखी. बायको म्हणे, देवाला जग करायला सहा दिवस लागले, यांनी चारात उरकलं असतं. फक्त दारं उलटी बसली असती.

यंदाचा बेत माळ्यावरच्या खोलीचा होता. परगावी नर्स असलेल्या एकुलत्या एका लेकीने जावयाला घेऊन कायमचं घरी यावं, एवढंच त्याला हवं होतं. तिला त्याने विचारलं नाही, कळवलं. जिना पंधरा तारखेला पुरा, सोळाला दुपारी चारला तुमचं सामान. तिकडून "बघू, बाबा" एवढंच आलं. त्याचा अर्थ त्याने 'हो' असा लावला.

पंधराला शेवटची, तेरावी पायरी ठोकून झाली. सोळाला चार वाजता तो चहाला बसला आणि जिन्यावर पाऊल वाजलं. आले वाटतं, म्हणून तो उठला. एक पाऊल हलकं, एक जड, मधे दम घेतल्यासारखी उसंत. बारा पावलं वाजली. तेरावं आलंच नाही.

जिन्यावर कुणी नव्हतं. सामानही आलं नाही. लेकीचा निरोप आला, रजेचं जमत नाही.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा बारा. तिसऱ्या दिवशीही. बायको भाजी निवडता निवडता थांबे, बारा झाली की पुन्हा निवडू लागे. त्याने चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, नवं लाकूड वाळताना आवाज करतंच. त्याने मान डोलावली, कारण पाळकांना सुतारकाम शिकवणं बरं दिसत नाही. पण चाळीस वर्षं लाकडात गेली होती त्याची. लाकूड तडकतं, कुरकुरतं. लंगडत नाही.

लंगडत असत ते त्याचे वडील. अकरा वर्षांपूर्वी वारले. हा धंदा त्यांचाच, आणि त्यांची एक रीत होती: जिन्याची शेवटची पायरी नुसती टेकवून ठेवायची, ठोकायची नाही. मग तिच्या खालच्या पायरीवर टोपी मांडीवर घेऊन गप्प बसायचं. गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा दमला. ते म्हणत, "जिना आपण बांधतो. त्यावरून कुणाला कुठे न्यायचं, ते देवाला विचारावं, मग खिळा मारावा." सुतार त्याला वेळेचा अपव्यय म्हणे. सोळाला सामान यायचं असताना विचारत कोण बसतो?

आठव्या दिवशी तो चारच्या आधीच जिन्याखाली जाऊन उभा राहिला. पावलं त्याच्या डोळ्यांदेखत वर गेली. दिसलं काहीच नाही, फक्त एकेक फळी दबत गेली. बारावी दबली ती दबलेलीच राहिली. कुणीतरी वाट बघत उभं होतं.

बायको मागे येऊन उभी होती. "अहो, ते पुढे का जात नाहीत?"

"ते कोण?"

"कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. शेवटची पायरी विचारून ठोकलीत?"

तो पक्कड घेऊन वर चढला. बारावीवर पाय न देता, अवघडून वाकून, तेरावीचे चारही खिळे उपसले. मग बारावीच्या एका कडेला अंग चोरून बसला. काय मागायचं, सुचेना. आजवर मागणं नेहमी लिहून आणलेलं असे. शेवटी म्हणाला, "प्रभू, आज कागद आणलेला नाही. तुझ्या मनात काय आहे?"

त्याच्या शेजारी फळी किंचित हलली. त्याने तिकडे पाहिलं नाही.

उठला तेव्हा चहा गार झाला होता. लेकीला फोन लावून त्याने जन्मात पहिल्यांदा विचारलं, "तुमचं काय ठरलंय, बाळ?"

ती म्हणाली, डोंगरापलीकडच्या दवाखान्यात एकही नर्स टिकत नाही, त्यांनी दोघांना बोलावलंय, आणि आम्हाला जावंसं वाटतंय. "तुम्ही तिकडे जिना बांधत होता, बाबा, आणि तुम्हाला हे सांगायचं कसं म्हणून आम्ही इथे रोज गुडघे टेकून प्रार्थना करत होतो."

त्याचा हात सवयीने कानावरच्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच थांबला. "जा," तो म्हणाला. "देवाची इच्छा असली तर भेटायला येऊ."

दुसऱ्या दिवशी चारला बारा पावलं वाजली. मग सैल फळी खट् झाली. तेरा. वरच्या रिकाम्या खोलीत कुणीतरी हुश्श करून टेकल्यासारखा आवाज आला.

"आता तरी ठोकणार का ती पायरी?" बायकोने विचारलं. "पडाल एखादे दिवशी, आणि त्यालाही देवाचं मार्गदर्शन म्हणाल."

"विचारतो," तो म्हणाला.

त्यानंतर जिना कधी वाजला नाही. वर गेलेली पावलं खाली उतरल्याचं मात्र दोघांपैकी कुणीच ऐकलेलं नाही.