साका बसला नाही

"आता बघा, दुधासारखं पांढरं होईल, तळाशी साका बसेल," म्हणत संध्या मॅडमनं बेरियम क्लोराइडच्या द्रावणात सोडियम सल्फेट ओतलं. दहावीची पोरं माना उंचावून बघू लागली.

परीक्षानळी नितळच राहिली.

"मॅडम, काहीच होऊन न्हाई राह्यलं," पुढच्या बाकावरची मीना म्हणाली. पोरं हसली. संध्याही हसली. तिनं आणखी सल्फेट ओतलं, नळी हलवली. साका बसायचं नावच नाही.

मग तिचं लक्ष बरणीकडं गेलं. चिठ्ठी तिरकी चिकटवलेली, कडेला डिंक वाळलेला. पावसाळ्यात प्रयोगशाळा गळली होती. भिजून सुटलेल्या चिठ्ठ्या शिपाई पुंजाराममामांनी वाळवून परत लावल्या होत्या, आणि तिनं त्यांचं कौतुकही केलं होतं. या बरणीत बेरियम नसेल, तर ते आहे कुठं?

फळीवर शेजारची जागा रिकामी होती.

"इथली मिठाची बरणी कुठं गेली?"

"पुंजाराममामानं नेली, मॅडम," मीना म्हणाली. "खिचडीला. मीठ सरलं व्हतं, अन् दुकानदार चतुर्थीचा राजूरच्या गणपतीला गेला."

म्हणजे मिठाची चिठ्ठी बेरियमच्या बरणीवर लागली होती. बेरियम सल्फेट पोटात गेलं तरी विरघळत नाही, म्हणून बाधत नाही. क्लोराइड मात्र विरघळतं आणि माणसाचा जीव घेतं, हे तिनंच मघाशी फळ्यावर लिहिलं होतं. सल्फेटची बाटली हातात तशीच धरून ती धावत सुटली.

व्हरांड्यात लहान पोरांची पंगत बसली होती. स्वयंपाकीण बेबीनंदाबाईंनी पहिला डाव भरला होता.

"थांबा! कुणीही खाऊ नका!"

चुलीजवळच्या बरणीतली चिमूट तिनं पेल्यातल्या पाण्यात टाकली, ढवळली, वरून सल्फेट ओतलं. पाणी क्षणात पांढरंफेक झालं.

"कुणी चाखली?" तिनं बेबीनंदाबाईंना विचारलं.

"मला तर चतुर्थी हाये, मॅडम. मामानं चाखली. कडू लागती म्हणले, पण भुकेले व्हते, बशीभर खाल्ली."

पुंजाराममामा लिंबाखाली बसले होते, हातानं ओठ पुसत. "तोंडाभवती मुंग्या येऊन राह्यल्या, मॅडम. उठावं म्हणतो, तर पाय ऐकंनात."

तिनं जालन्याच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी बेरियमचं नाव ऐकताच विचारलं, "शाळेत मॅग्नेशियम सल्फेट आहे? पाण्यात विरघळवून पाजा आणि तसेच घेऊन या. वेळ घालवू नका."

होतं. पण आता चिठ्ठीवर विश्वास कसा ठेवायचा? वापरातली बरणी तिनं बाजूला सारली आणि कंपनीचं सील असलेली नवी फोडली.

मामांनी पेला बघितला. "हे तरी बराबर हाये ना?"

संध्यानं आधी स्वतः एक घोट घेतला. मग पेला त्यांच्या ओठांना लावला.

मुख्याध्यापकांच्या गाडीत मामांना उलटी झाली. जालना येईस्तोवर त्यांचे हात मांडीवर चिंध्यांसारखे पडले होते. डोळे तेवढे उघडे, तिच्यावर रोखलेले. दवाखान्यात सलाईन लावलं, छातीला तारा जोडल्या. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. "वाचतील. पोटातलं बरंचसं बेरियम तिथंच साका होऊन बसलं, म्हणून."

दुसऱ्या दिवशी संध्या शाळेत पोचली तेव्हा बेबीनंदाबाई फाटकातच उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"मॅडम, पंगतीतल्या एकानंबी खाल्लं न्हाई. पण मी घाबरले, अन् पातेलं मागच्या नालीत उलटं केलं."

भिंतीमागं दोन कुत्री पाय ताणून पडली होती. त्यांच्यापलीकडं मेलेले कावळे. खिचडीचा ढीग निम्मा उरला होता. बाकीचा रात्री कुणीतरी शाळेच्या टाकीचं पाणी सोडल्यानं वाहून गेला होता.

"ही नाली कुठं जाते?"

"वढ्याला. तिथं रखमाजीच्या शेळ्या पाणी पितेत."

"आज सोडल्यात?"

"सकाळीच."

संध्यानं पिशवी तिथंच टाकली आणि ओढ्याकडं पळत निघाली. उतारावर एकाही शेळीचा आवाज येत नव्हता.